मेथी लावायला बी.ए. कशाला लागतं?

मंडळी, आज जरा तावातावाने लिहिणार आहे. ज्यांना आठवणीबिठवणी वाचायच्या असतील त्यांनी हे पान सोडून द्यावं, पुढच्या वेळी भेटू.

झालं असं की मागच्या लग्नसराईत पुण्याला गेलो होतो. जेवणाच्या वेळी (आता पंगत कुठली, ताट हातात घेऊन उभं राहायचं) आमच्याच भावकीतल्या एका पुतण्याने विचारलं, "काका, हल्ली काय करता?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, भाजी लावायला शिकतोय. मांजरसुंब्याला रस्त्याकडेच्या आपल्या पाच गुंठ्यांत आम्ही आठ-नऊ म्हातारे-म्हाताऱ्या आणि गल्लीतली दहा-बारा लेकरं मिळून भाजी करतो. पुतण्या हसला. वाईट मनाने नाही, पण हसला. म्हणाला, "काका, मेथी लावायला बी.ए. कशाला लागतं? आणि त्या जागेचा भाव माहीत आहे का तुम्हाला? रस्ता चौपदरी झालाय. तिथं गाळे काढले तर..." पुढचा हिशेब त्याने मोबाइलवर करून दाखवला. आजूबाजूच्या तिघाचौघांनी माना डोलावल्या.

मी गप्प बसलो. लग्नघरी वाद घालू नये. शिवाय मास्तर माणसाला उत्तर नेहमी तास संपल्यावर सुचतं. परतीच्या एसटीत, नगर मागे पडल्यावर, सुचायला लागलं. ते इथं लिहितो. पुतण्याही हे वाचतो हे मला माहीत आहे, आणि माना डोलावणारेही.

ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीडहून सोलापूरकडे निघालं की घाट चढून माणूस बालाघाटाच्या पठारावर येतो, तिथे मांजरसुंबा. धुळे-सोलापूर महामार्ग गावावरून जातो. पूर्वी त्याचा नंबर २११ होता, आता ५२ आहे. इथूनच एक रस्ता पाटोद्याकडे फुटतो आणि दुसरा नेकनूरवरून केज-अंबाजोगाईकडे. जवळच कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी. यात्रेकरू सोडले तर बाकीचे लोक आम्हाला चहा-नाश्त्याचा थांबा म्हणून ओळखतात. जमीन हलकी ते मध्यम, पाऊस बेभरवशाचा. शेतात सोयाबीन, कापूस, तूर, बाजरी, ज्वारी.

आणि भाजी? भाजी टेंपोतून बीडहून येते. चारी बाजूंनी शेती असलेल्या गावात शेतकऱ्याची बायको पिशवी घेऊन मेथीच्या जुडीचा भाव करते. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मलाही पन्नास वर्षं वाटलं नव्हतं.

ते वाटलं २०२० साली. मार्चअखेर टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बंद झाले, टेंपो थांबला. आमच्या गल्लीत पंधरा दिवस पिठलं, बेसन, वरण, पुन्हा पिठलं. एकच घर असं होतं जिथून फोडणीचा वेगळा वास यायचा. शेजारच्या आक्कांचं. त्यांच्या न्हाणीच्या सांडपाण्यावर चार वांगी, एक शेवगा, अळूचं बेट आणि कुडाच्या भिंतीवर चढवलेला वाल. आक्कांचं वय त्यांनाच ठाऊक नाही, ऐंशीच्या आसपास असावं. शाळेत एक दिवसही गेलेल्या नाहीत. त्यांनी ओट्यावर वाटीभर वालाच्या शेंगा ठेवल्या आणि लांबूनच ओरडून सांगितलं, "गुरुजी, घ्या, कोरोना न्हाई त्यात."

त्या शेंगा निवडताना मला लाज वाटली. मी पस्तीस वर्षं शाळेत 'बियांचे अंकुरण' शिकवलं. फळ्यावर रंगीत खडूने घेवड्याचं बी काढलं, बीजपत्र, आदिमूळ, अंकुर, सगळ्यांना बाण काढून नावं दिली. आणि माझ्या घरात वाटीभर शेंगा पिकत नव्हत्या.

त्या पावसाळ्यात आम्ही सुरुवात केली. भावकीची ती सामाईक जागा पडीक होती, काँग्रेस गवत आणि प्लॅस्टिकने भरलेली. एक निवृत्त कंडक्टर, एक शिंपी, दोघी-तिघी आज्या, मी आणि आमची सौ. पुढे लेकरं आपोआप आली. जागा साफ करायलाच महिना गेला. ट्रॉलीभर शेणखत टाकलं. मी मोठ्या ऐटीत मेथी फेकली आणि पाइप लावून सपकन पाणी सोडलं. बी पाण्याबरोबर वाफ्याच्या एका कोपऱ्यात जाऊन बसलं आणि उरलेल्या वाफ्यावर पापुद्रा धरला. काही उगवलं नाही. कोथिंबीर तशीच. धने आख्खेच टाकले होते. आक्का येऊन बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मूठभर धने फरशीवर पसरून त्यांनी पायातल्या चपलेने हलकेच रगडले, एका धन्याच्या दोन डाळ्या झाल्या. "आसं दोन करून टाका. आन् पानी झारीनं घाला, लेकराच्या डोक्यावर घालतात तसं."

मला वाटलं, एवढंच ना. पण नाही, मंडळी. एवढंच नव्हतं. ऑगस्टमध्ये दोडक्याला पिवळी फुलं आली आणि पटापट गळायला लागली. मी घाबरलो. कुठला रोग, कुठलं औषध, असं पुस्तकात शोधायला बसलो. आक्का हसून हसून खाली बसल्या. "आवो गुरुजी, ही गडी फुलं हायेत. ही गळायचीच. बाईफूल आजून यायचंय. तिच्या बुडाला बारकं दोडकं आसतंय, बगा." आठ दिवसांनी आलं. बुडाला बारकं दोडकं होतं. नर फूल, मादी फूल, परागीभवन हा धडा मी किती वर्षं शिकवला असेल? प्रश्न: 'परागीभवन म्हणजे काय ते सांगून त्याचे प्रकार लिहा.' गुण ४. हे चारही गुण मी स्वतःला देऊ शकलो असतो, आणि तरी दोडक्याच्या वेलासमोर मी नापास होतो.

म्हणून पुतण्याला माझं पहिलं उत्तर असं: मेथी लावायला बी.ए. लागत नाही हे खरंच. पण बी.ए. झालेल्याला मेथी लावता येत नाही, हेही तितकंच खरं. या दुसऱ्या गोष्टीचं हसू कुणाला येत नाही, फक्त पहिलीचं येतं. आपण ज्याला शिक्षण म्हणतो त्याने आपल्याला हे कधी ज्ञान म्हणून दाखवलंच नाही. आणि ते न दाखवणारे आम्हीच, मास्तर लोक.

आता हे जरा कडू आहे, पण लिहितो. आमच्या शाळांत झाडांना पाणी घालायला कोण जायचं? ज्याचा पाढा चुकला तो. वर्गात गोंधळ घातला तो. "जा, बादली उचल." हुशार मुलगा कधी बादली उचलायचा नाही, तो स्कॉलरशिपचा अभ्यास करायचा. आणि आमची ती ठरलेली वाक्यं, "अभ्यास नाही केलास तर ढोरं वळशील," "शेण काढशील जन्मभर." समोर बसलेल्या साठातल्या पन्नास पोरांचे आई-बाप तेच करत होते! त्यांच्या घरचं काम हीच आमच्या बोलण्यातली सगळ्यात मोठी धमकी. एका शाळेत (गाव सांगत नाही) एक मुलगा होता. गणितात कायम शून्य, म्हणून कायम बादलीवर. त्याने हातपंपाच्या सांडपाण्यावर पपई लावली, मग मिरच्या, मग भोपळा शाळेच्या पत्र्यावर चढवला. मी भोपळा घरी नेला. कार्यानुभवाच्या रजिस्टरमध्ये मात्र पूर्ण वर्गाला सरसकट 'अ' श्रेणी मांडली, त्यालाही आणि कुदळीला हात न लावणाऱ्यांनाही. त्याच वर्षी गणितात त्याला नापास केलं. पपईला किती पाणी लागतं, मिरचीची रोपं किती अंतरावर लावायची, भोपळ्याच्या आळ्यात किती खत घालायचं, हे सगळं ज्याला अंदाजाने बिनचूक येत होतं त्याला आम्ही सांगितलं की तुला गणित येत नाही. तो शाळा सोडून गेला. पुढे काय झालं मला माहीत नाही. मी चौकशीही केली नाही.

यात गंमत अशी, की याच्या उलट सगळं आम्हाला परीक्षेपुरतं तोंडपाठ होतं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली, हाताच्या कामातून शिक्षण अशी नई तालीम पुढे आली. शिक्षक होताना आम्ही हे सगळं लिहून पास झालो. हाताच्या कामातून शिक्षण ही गोष्ट आम्ही घोकंपट्टीने शिकलो! सेवाग्रामला आज आनंद निकेतन नावाची शाळा याच वाटेवर चालते, तिथली मुलं बागेत काम करतात आणि त्यातूनच मोजमाप नि विज्ञान शिकतात. आम्ही तिकडे सहलीला गेलो की बापूकुटी बघून, फोटो काढून परत.

श्री. अ. दाभोळकरांचं नाव जुन्या वाचकांना आठवत असेल. नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवत, आणि शेतीचे असे प्रयोग करत की द्राक्षवाले शेतकरी त्यांच्याकडे धावत. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक लिहिलं. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाच्या गरजा भागू शकतात, असं ते हिशेबाने मांडत. मला त्यांच्यातली एकच गोष्ट आता महत्त्वाची वाटते. गणिताच्या मास्तराला मातीत हात घालण्याचा कमीपणा वाटला नाही. २००१ साली ते गेले. त्यांचं पुस्तक मी नोकरीत असताना घेतलं होतं. उघडलं निवृत्त झाल्यावर अकरा वर्षांनी.

आता काही जण म्हणतील, गुरुजी, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात, शाळांत आता परसबागा आहेत. आहेत की. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१९ मध्ये शाळांतल्या पोषण-बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा नसेल तर डब्यांत, कुंड्यांत लावा असंही त्यात आहे. पुढे २०२१ पासून माध्यान्ह भोजनाचं नाव पीएम पोषण झालं, त्यातही परसबाग आहे. गावातल्या बायकांसाठी 'उमेद'ने २०२० च्या पावसाळ्यात 'माझी पोषण परसबाग' मोहीम काढली. कागद उत्तम आहेत, मी ते वाचलेत. पण कागदावरची बाग जिवंत कुणी ठेवायची? शाळांच्या परसबागांच्या स्पर्धा होतात, तालुक्याला नंबर, जिल्ह्याला नंबर. स्पर्धा वाईट नव्हे, पण स्पर्धेसाठी लावलेल्या बागा मी पाहिल्यात. वाफ्यांना चुना मारलेला, पाटीवर भाज्यांची नावं ठळक, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी नर्सरीतून आणून खोचलेली रोपं. फोटो होतो. पाहुणे जातात. मग चाचणी परीक्षा, मग मतदारयाद्या, मग आणखी कुठलं सर्वेक्षण. बिचाऱ्या मास्तराने तरी काय काय करावं! एप्रिलमध्ये पाणी संपतं, मेमध्ये शाळाच बंद. जूनमध्ये त्या जागेवर पाटी तेवढी उभी असते, 'पालक' असं लिहिलेली. (पाहुण्याला वाटावं, इथं पालकांनी उभं राहायचं.)

माझं म्हणणं असं आहे की बाग एकट्या मास्तरावर सोडली की मरते. तिला सुट्टी नसलेली माणसं लागतात. आणि अशी माणसं आमच्याकडे ढिगाने आहेत, ती म्हणजे म्हातारी माणसं.

इथं आमच्या जिल्ह्याची एक गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागेल. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परततात मार्च-एप्रिलमध्ये. आता बघा, भाजीचा खरा हंगाम कुठला? तर हाच. मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचे शेंडे, सगळं याच चार-पाच महिन्यांत उत्तम येतं. विहिरी-बोअरला पाणीही असतं. आणि नेमकं तेव्हा धडधाकट माणूस कोयता घेऊन परमुलखात. गावात उरतात आजी-आजोबा आणि शाळेतली लेकरं. लेकरांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना असते, त्यात वसतिगृह म्हणजे पुष्कळदा आजीचं घरच. ती आजी काय रांधणार? तिच्या हातात पैसा मोजका. बेसन स्वस्त पडतं, भाजी महाग.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांत रक्त कमी निघालं, आणि पाच वर्षांखालच्या लेकरांत जवळजवळ ६९ टक्क्यांत. राष्ट्रीय पोषण संस्था २०२४ च्या आपल्या सूचनांत म्हणते की मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाजी असावी. आमच्या गल्लीत ४०० ग्रॅम भाजीत चार जणांचं घर जेवतं. नुसत्या भाजीने रक्त वाढतं असा माझा दावा नाही, ते डॉक्टरांचं काम. पण ताटात हिरवं काही नसणं ही काही नशिबाची गोष्ट नव्हे, एवढं मला पाच गुंठ्यांनी शिकवलं.

आता पैशाचा मुद्दा. पुतण्या, इथं तू बरोबर आहेस, आणि ते मान्य करायला मला लाज नाही. या बागेत पैसा वाचत नाही. गेल्या वर्षी खत, बी, पाइप, तारेचं कुंपण आणि उन्हाळ्यात पाण्याचे दोन टँकर धरले तर खर्च आणि निघालेली भाजी जवळजवळ तोंडाला तोंड. माझी मेहनत फुकट धरली तर! शाळेचंही गणित मांडून पाहिलं. पीएम पोषणच्या नियमाने पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम. शंभर लहान मुलं धरली तर रोज पाच किलो, वर्षाला शाळेचे दोनशे दिवस धरून एक हजार किलो. ते आमच्या पाच गुंठ्यांतून, आमच्या पाण्यात, निघणार नाही. मार्चनंतर तर आम्ही बहुतेक वाफे मोकळेच ठेवतो. शेवगा, कढीपत्ता आणि दोन-चार दुधी जगवतो, तेही जमिनीत गळ्यापर्यंत मडकं पुरून, त्यात पाणी भरून, म्हणजे मडकं पाझरतं आणि मुळांपुरता ओलावा राहतो. तेव्हा ही बाग गावाचं पोट भरेल असं जो सांगेल तो थाप मारतोय. शहरातले काही मित्र गच्चीवरच्या दोन टोमॅटोंवरून क्रांतीच्या गोष्टी लिहितात, त्यांनाही हे सांगणं आहे. आणि सेंद्रियवाला महाराजही मी नाही. वालावर मावा पडला की राख, साबणाचं पाणी, निंबोळी अर्क हे सगळं करतो, शेंडा पोखरलेली वांगी खुडून टाकतो, तरी निम्मी वांगी किडकी निघतात. किडकं कापून टाकायचं नि उरलेलं खायचं.

पण शाळा तरी कुठं पैसा वाचवते? ग्रंथालय पैसा मिळवतं का? वाचनालयाची जागा रस्त्याकडेला असेल तर तिथं गाळे काढा असं आपण म्हणत नाही (निदान अजून उघडपणे म्हणत नाही). कारण तिथं काहीतरी शिकलं जातं असं आपण मानतो. माझं सगळं भांडण या एका 'मानतो'वर आहे. आक्कांना जे येतं ते शिक्षण आहे असं आपण मानतच नाही. कुठल्या नक्षत्रात काय टोकायचं, कुठलं फळ बियाण्याला वेलावरच वाळू द्यायचं, बी राखेत कसं ठेवायचं, तरोटा, तांदुळजा, पाथरी, घोळ यांतलं केव्हा काय खुडायचं. १९७२ च्या दुष्काळात मी एकवीस वर्षांचा होतो. आम्ही खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेची मिलो ज्वारी खाल्ली. त्या वर्षी आमची आई बांधावरून आणि ओढ्याच्या कडेने कसला कसला पाला आणायची आणि आम्ही जगलो. तो पाला कोणता, हे मी तिला कधी विचारलं नाही. कॉलेजात जात होतो ना!

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. गावरान बियाणं जपलं, वाढवलं, घरोघरच्या परसबागांसाठी वाटलं, बायफसारखी संस्था पाठीशी उभी राहिली. पुरस्कार मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने एकमेकांना फोटो पाठवले. चांगलंच केलं. पण राहीबाई दिल्लीला गेल्यावरच आपल्याला दिसाव्यात, हे काही चांगलं नाही. तशी बाई प्रत्येक गल्लीत एकतरी आहे, आणि तिची नात तिच्याकडून काही न शिकता दहावी पास होते आहे.

माझा भाचा इंग्लंडात असतो. तिकडे १९०८ च्या कायद्याने लोकांची मागणी असेल तर भाजीसाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देणं हे स्थानिक कौन्सिलचं कर्तव्यच केलेलं आहे. पूर्ण तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. शेजारी शेजारी असे पन्नास तुकडे, मध्ये पायवाट, एक सामाईक नळ. भाच्याने नाव नोंदवलं, तीन वर्षं थांबला, तेव्हा त्याला अर्धा तुकडा मिळाला. शेजारच्या तुकड्यावर एक म्हातारा इंग्रज होता, त्याने याला वाटाण्याला आधार कसा द्यायचा ते शिकवलं. भाचा इंजिनिअर आहे. फोनवर मला म्हणाला, "मामा, इथं मला कुणी विचारत नाही की इंजिनिअर होऊन वाटाणे कशाला." त्या देशाचं सगळंच चांगलं असं मी म्हणणार नाही, पण हे चांगलं आहे.

मागच्या वर्षी आक्का पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आता वाकता येत नाही. बागेत बाज टाकून बसतात आणि काठीने दाखवतात, हे उपट, ते राहू दे. त्यांची नात सहावीत आहे. आई-बाप कोयत्यावर जातात, दिवाळी ते पाडवा ती आजीजवळ. ती दाखवलेलं करते आणि एका वहीत लिहून ठेवते. वही मीच दिली, मास्तरकी सुटत नाही. वहीत 'दोडका: गडी फूल आदी, बाई फूल नंतर' असं लिहिलंय. शुद्धलेखन दुरुस्त करायला हात शिवशिवला, केलं नाही. एकदा तिने विचारलं, "गुरुजी, कारल्याचं फूल सकाळी उमलतं, मग दुधीचं रातच्यालाच कामून उमलतं?" पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण तसा प्रश्न पडेल अशा जागी आम्ही मुलांना उभंच केलं नव्हतं. मला उत्तर आलं नाही. रात्री आठला ती, मी, कंडक्टरसाहेब आणि चार पोरं टॉर्च घेऊन वेलापाशी बसलो. डास चावले. साडेआठच्या सुमारास पांढऱ्या फुलांवर पतंग यायला लागले. आक्का बाजेवरून म्हणाल्या, "आता दिसलं व्हय तुम्हाला?" म्हणजे त्यांना माहीत होतं! मी म्हटलं, आक्का, आधी का सांगितलं नाही? "तुमी इचारलं न्हाई."

तर मंडळी, दिवाळीत भावकीची बैठक आहे, त्या पाच गुंठ्यांचं काय करायचं ते ठरवायला. गाळे काढू नका असं मी म्हणत नाही. प्रत्येकाच्या घरी अडचणी आहेत, मुलांच्या फिया आहेत, मला सगळं कळतं. पाच हिश्शांतला एक माझा, म्हणजे एक गुंठा. तो मला मागच्या बाजूला, बोअरच्या शेजारच्या घरालगत द्यावा, पाण्याचं मी त्यांच्याशी बोललो आहे. पुढचा, रस्त्यालगतचा भाव मला नको. त्या बदल्यात गाळ्यांच्या न्हाणी-मोऱ्यांचं सांडपाणी माझ्या गुंठ्याकडे वळवायचं, एवढी अट कागदावर लिहून घ्यायची. माझ्यानंतर तो गुंठा कुणी चालवायचा तेही मी लिहून ठेवतो आहे. मुलाशी बोलणं झालं आहे, तो हो म्हणाला. सूनबाई अजून विचार करते आहे.

पुतण्या, तू बैठकीच्या दोन दिवस आधी ये. करडई तेव्हा हातभर नसली तरी खुडण्याजोगी असेल, अंबाडी शेवटची असेल. आक्कांनी विचारलंय की पुण्याच्या मंडळींना अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून चालते की तुमच्याकडे हल्ली काही वेगळं करतात. तसं आधी कळव, म्हणजे कण्या भरडून ठेवता येतील.